क्रेनगाडी सुटी करताना

इराने मेलबर्नहून एक फोटो पाठवला आहे. तिकडे कुठल्याशा हिरवळीवर जुन्या लष्करी गाड्यांची जत्रा भरली होती आणि त्यात एक क्रेनची गाडी उभी होती. नवा कोरा रंग, चाकांना काळं पॉलिश आणि कुणी हात लावू नये म्हणून भोवती दोरी. सोबत इराचा प्रश्न: "आजी, आजोबांची गाडी अशीच होती ना? इथे हिच्या किमतीत घर येईल. तुम्ही ती ठेवली का नाही?" त्याखाली तिच्या भावाने, निखिलने, आपलं शहाणपण जोडलं आहे: "आजीने तोडली. बाबा सांगतात."

त्याच आठवड्यात आमच्या गावच्या दिवाळी अंकाकडून निरोप आला की जुन्या माणसांनी आपापल्या कामाविषयी लिहावं. तेव्हा दोन्ही कामं एकदमच उरकते. अंकाला लेख आणि नातवंडांना उत्तर. तुमची आई वाचून दाखवील. वऱ्हाडी बोलणं आलं की तिथे तिने अडखळू नये, एवढीच माझी तिला सूचना आहे.

पहिली गोष्ट, आम्ही ती गाडी तोडली नाही. सुटी केली. तोडतो तो भंगारवाला. तो घण घालतो आणि लोखंड वजनावर नेतो. सुटी करणारा एकेक नट उलटा फिरवतो, निघालेला भाग रॉकेलने धुतो, पुसतो, त्याला नाव देतो आणि फळीवर ठेवतो, कारण तो भाग दुसऱ्या गाडीत पुन्हा फिरणार असतो. हा फरक ज्याला कळला त्याला आमचा निम्मा धंदा कळला.

आता उरलेला निम्मा. दुसरं महायुद्ध संपल्यावर सरकारकडे लष्करी गाड्यांचे डोंगर उरले होते. नागपूरजवळ कामठीच्या छावणीत त्यांचे लिलाव होत. साध्या मालट्रकवर लोक तुटून पडत, कारण साधा ट्रक कुणालाही चालतो. कापसाच्या गाठी भरा, गहू भरा, वरात भरा. पण त्या डोंगरात काही खास गाड्याही असत. क्रेनची गाडी, सर्चलाइटची गाडी, पाण्याच्या टाकीची गाडी, आत अख्खं वर्कशॉप असलेली गाडी. या स्वस्तात मिळत, आणि का मिळतात हे विचारायचं तुमच्या आजोबांच्या स्वभावात नव्हतं. "एवढं लोखंड, एवढ्या कमी पैशात!" असं म्हणत त्यांनी एकामागून एक चार खास गाड्या हिंगणघाटला आणल्या. नागपूर रस्त्यावर कापसाच्या एका जिनिंग कारखान्याची मोकळी जागा होती. ती भाड्याने घेतली आणि तिथे त्या ओळीने उभ्या केल्या.

मी नागपूरला इंग्रजी घेऊन बी.ए. झाले होते. सासरी सगळ्यांना वाटत होतं की सून शाळेत शिकवील. मलाही तेच वाटत होतं. पण लिलावाच्या याद्या इंग्रजीत, गाड्यांसोबत आलेली जाडजूड पुस्तकं इंग्रजीत आणि गाड्यांवरच्या पट्ट्याही इंग्रजीत. आजोबा संध्याकाळी एखादं पुस्तक माझ्यापुढे ठेवत आणि म्हणत, "हे कोणत्या चाकाचं पुराण आहे, पाय जरा." 'पाय' म्हणजे बघ. इंग्रजी कविता शिकलेली मुलगी अशी गिअरबॉक्स वाचायला बसली आणि मग त्यातच राहिली. शाळेत मी कधीच गेले नाही. गिअरबॉक्सला कंटाळा येत नाही आणि तो वर्गात खिडकीबाहेर बघत नाही, हे त्याचे दोन गुण मला आवडले.

पहिली काही वर्षं आजोबांचं म्हणणं एकच होतं, की गाडी अख्खी विकायची. गिऱ्हाइकं येत, चहा पीत, बोनट उघडून बघत, गाडीची तोंडभर स्तुती करत आणि निघून जात. पुढल्या हंगामात तीच माणसं येत आणि आदल्या वर्षीपेक्षा कमी किंमत बोलत. असं का होतं, ते मला माझ्या लग्नाच्या शालूवरून कळलं. शालू विकत घेताना त्याचं मोल केवढं! पण एकदा नेसलेला शालू विकायला काढा, कुणी घेत नाही. दारावर येतो तो जरवाला. त्याला शालू नको असतो, त्याला त्यातली चांदी हवी असते. खास गाडीचं तसंच आहे. जितकी ती खास, तितकी तिची गिऱ्हाइकं कमी. सर्चलाइटची गाडी हिंगणघाटात कोण घेणार? कुठल्या विमानाला शोधणार? त्यात या गाड्या पेट्रोल पाण्यासारख्या पीत. सरकारी खात्यांना नव्या गाड्या मिळू लागल्या होत्या. प्रत्येक पावसाळ्यात आमच्या ओळीची किंमत उतरत होती आणि चाकांखालचं गवत वाढत होतं.

पण मी पुस्तकं वाचत होते, आणि त्यांत एक गोष्ट स्वच्छ लिहिली होती. या चारही गाड्या वरून कितीही खास असल्या, तरी वरचे कपडे उतरवले की खाली तोच एक साधा तीन-टनी ट्रक होता. तेच इंजिन, तोच गिअरबॉक्स, तोच मागचा एक्सल. आणि तसले साधे ट्रक अमरावतीपासून चांद्यापर्यंत शेकड्याने धावत होते आणि मोडत होते. त्यांना सुटे भाग परदेशातून येणं बंद झालं होतं. थोडक्यात, अख्ख्या गाडीला गिऱ्हाईक नव्हतं आणि तिच्या तुकड्यांना रांग लागणार होती. हे मी आजोबांना सांगितलं तेव्हा ते म्हणाले, "तू बी.ए. आहेस का खाटीक?"

तरी तीन गाड्यांवर त्यांनी ऐकलं. त्यांची इंजिनं अजून सुरू होत, पण त्या जागच्या हलत नव्हत्या, म्हणून.

इथे आमच्या यार्डातला एक रिवाज सांगायला हवा. आमचे मुख्य मिस्त्री दौलतराव. उंच, सडपातळ, बोलणं कमी. त्यांचा नियम होता की चालू गाडीला पान्हा लावायचा नाही. गाडीचं इंजिन सुरू होत असेल तर आधी ते सुरू करायचं, थोडा वेळ चालू द्यायचं, सगळ्यांनी उभं राहून ऐकायचं. मग ज्याची गाडी, त्याने स्वतःच्या हाताने स्विच फिरवून ती बंद करायची. मिस्त्री नाही, मदतनीस नाही, मालकानेच. त्यानंतरच पहिला नट. यात कामाचा भागही होता, कारण शेवटचं ऐकताना इंजिन, गिअरबॉक्स काय हालतीत आहेत ते कळे आणि मला गिऱ्हाइकाला छातीठोकपणे सांगता येई. पण नुसता तेवढाच भाग नव्हता. पूर्वी त्या वेळी नारळही फोडत. दौलतराव नागपूरला जाऊन दीक्षा घेऊन आले, त्यानंतर नारळ थांबला. मी विचारलं, "मिस्त्री, मग बंद करण्याचा नियमही सोडायचा का?" ते म्हणाले, "नाई, बाई. नारळ देवासाठी होता. हे माणसासाठी आहे. ज्यानं आणली त्याले समजलं पाह्यजे का आता ती नाई."

तीन गाड्या सुट्या झाल्या. काय गिऱ्हाइकं आली त्यांना! सर्चलाइटच्या गाडीचा जनरेटर एका फिरत्या तंबू सिनेमावाल्याने नेला. सर्चलाइटचाही हट्ट धरून तोही नेला. पहिल्याच खेळाला त्याने अल्लीपूरच्या माळावर तो झोत आभाळात सोडला. सारं गाव दारं लावून बसलं आणि तंबू रिकामा राहिला. दुसऱ्या दिवशी तो माझ्याकडे तक्रार घेऊन आला, "बाई, तुमच्या दिव्यानं माही पब्लिक भेवाडली." मी म्हटलं, आज तोच दिवा तंबूच्या दारावर खाली तोंड करून लावा. त्या दिवसापासून त्याला जागा अपुरी पडू लागली.

वर्कशॉपच्या गाडीची लोखंडी खोली एका किराणावाल्याने बाजारात नेऊन मांडली. आत भिंतभर छोटे खण होते आणि प्रत्येक खणावर इंग्रजीत नाव कोरलेलं. त्याला इंग्रजी येत नव्हतं. मी जिरं आणायला गेले की तो 'वॉशर' असं लिहिलेल्या खणातून जिरं काढून देई. ओवा 'स्प्लिट पिन'मध्ये होता. मी त्याला कधी सांगितलं नाही. जिरं चांगलं होतं.

आणि त्या तिन्ही गाड्यांच्या पोटातले साधे भाग, इंजिनं, गिअरबॉक्स, कमानपट्टे, एक्सल, हे तर बघता बघता संपले. आमच्याकडची माणसं, म्हणजे दौलतराव आणि त्यांच्या हाताखालचे तिघं, यांची घरं त्यावर चालली. आमचंही चाललं.

राहिली क्रेनगाडी.

ती चालती होती. रोज सकाळी आजोबा अंघोळ करून यार्डात जात, तिच्यावर चढत आणि ती सुरू करत. थोडा वेळ चालू ठेवून बंद करत, पण ते बंद करणं वेगळं, उद्या पुन्हा सुरू करण्यासाठीचं. सारा रस्ता तो आवाज ओळखत असे. कामठीहून ती त्यांनी स्वतः चालवत आणली होती. एकदा वेणा नदीला पूर आलेला असताना फरशीच्या ठेंगण्या पुलावर अडकलेली प्रवाशांची बस त्यांनी हिच्या साखळीने बाहेर ओढली होती. तेव्हापासून गाव त्यांना 'क्रेनभाऊ' म्हणे. तुमच्या आजोबांचं खरं नाव पोस्टमनलासुद्धा आठवावं लागे.

एके वर्षी दसऱ्याच्या आधी जिनिंगच्या मॅनेजरने निरोप पाठवला. कापसाचा हंगाम मोठा आहे, गाड्या उभ्या करायला जागा हवी, हंगाम सुरू होण्यापूर्वी मैदान मोकळं करा. न केल्यास जे उभं असेल ते नागपूरचा भंगारवाला येऊन घेऊन जाईल, त्याच्याशी बोलणं झालं आहे. मैदान मोकळं केलंत तर मागच्या कोपऱ्यातली पत्र्याची शेड तुम्हाला राहू देऊ, असंही त्याने कळवलं.

म्हणजे प्रश्न सरळ होता. क्रेनगाडी वेळेत सुटी झाली तर शेड राहणार, फळ्या राहणार, धंदा राहणार. नाही झाली तर भंगारवाला तिला घण घालणार आणि आम्ही सगळे, दौलतरावांसकट, रस्त्यावर. मी हे आजोबांपुढे मांडलं. त्यांनी वर्तमानपत्र खाली केलं नाही.

"इकली जाते," ते म्हणाले. "धरणाच्या कामावर क्रेन लागते. सायेब येऊन राह्यले पाहाले."

साहेब खरंच आले. ओव्हरसियर होते. त्यांनी क्रेनचा हात वर-खाली करून पाहिला, साखळीला हात लावला, "काय चीज आहे!" म्हणाले आणि चहा घेताना सांगितलं की त्यांच्या खात्याला नवी क्रेन मंजूर झाली आहे. त्यांना फक्त बघायची हौस होती. त्यानंतर एक कंत्राटदार आला. तो इतकं कमी बोलला की आजोबांनी त्याला चहासुद्धा दिला नाही. आमच्या घरात हे अघटितच.

"अहो," मी म्हटलं, "आता दरवर्षी ते आणखी कमीच बोलणार."

"तर मंग नाई इकत."

"मग जागा?"

"जागेचं पाहू."

जागेचं कुणी पाहणार नव्हतं. भांडून उपयोग नव्हता, कारण भांडणात आजोबा मुंबईच्या वकिलालाही हार गेले नसते. दौलतरावांना मी सांगून पाहिलं की आपण सुरुवात करू. त्यांनी नुसती मान हलवली. "बाई, भाऊनं बंद केल्याशिवाय माहा हात नाई चालत. तुम्ही सांगसान तर मी काम सोडीन, पण पान्हा नाई लावणार."

तेव्हा मी माझं काम सुरू केलं. शेडमध्ये पेट्यांच्या फळ्यांची नवी मांडणी करवून घेतली. पुस्तकातून क्रेनगाडीच्या भागांची नावं काढली, ती मराठीत पुठ्ठ्यांवर मोठ्या अक्षरात लिहिली आणि रिकाम्या फळ्यांवर ओळीने लावली. 'इंजिन'. 'गिअरबॉक्स'. 'मागचा एक्सल'. 'विंच', म्हणजे साखळी गुंडाळणारा रहाट. 'क्रेनचा हात' एवढा मोठा होता की त्याची जागा मी जमिनीवर चुन्याने आखली. चारी माणसांना सांगितलं, जागा तयार आहे, वेळ आली की एक दिवससुद्धा वाया जायला नको.

आजोबा शेडमध्ये आले, पुठ्ठे वाचत वाचत शेवटापर्यंत गेले.

"हे कोणासाठी?"

"गाडीसाठी."

"जित्या माणसाची तेरवी मांडून ठेवली तुनं."

"तेरवीला माणूस परत येत नाही," मी म्हटलं. "हिचा प्रत्येक भाग परत रस्त्यावर जाणार आहे. भंगारवाल्याकडे गेली तर मात्र तुम्ही म्हणता तेच."

त्यानंतर ते माझ्याशी बोलले नाहीत. गाडी मात्र रोज सकाळी सुरू होत होती, आणि जरा जास्तच वेळ.

मग एका दुपारी वर्ध्याच्या बसमधून एक माणूस उतरला. डोक्याला पटका, धोतर गुडघ्यापर्यंत, आणि खांद्यावर गोणपाटात गुंडाळलेलं काहीतरी लांबट, जड. लहान लेकरू झोपलं असावं तसा त्याने ते धरलं होतं. यार्डात येऊन त्याने ते माझ्यापुढे अलगद ठेवलं आणि गोणपाट उघडलं. आत तुटलेला एक्सलचा शाफ्ट, म्हणजे मागची चाकं फिरवणारा लोखंडी दांडा.

"कंडक्टर म्हणे, याचं तिकीट काढा," तो घाम पुसत म्हणाला. "म्या म्हटलं, काढतो, पण मंग याले बसाले जागा दे. उभं राहून नाई जमत त्याले, कंबर मोडली हाय."

त्याचं नाव शेषराव. कारंज्याचा. स्वतःचा एकच ट्रक आणि स्वतःच ड्रायव्हर. संत्रा भरून नागपूरला निघाला होता. कारंज्याच्या पुढे चढावर शाफ्ट तुटला. तुटताना आतल्या डिफरन्शियलचे, म्हणजे दोन्ही चाकांना फिरवणाऱ्या दातेरी चाकांचे, दातही घेऊन गेला. ट्रक रस्त्याच्या कडेला उभा, वर संत्रा, आणि राखणीला त्याचा भाऊ. नागपूरला, अमरावतीला सगळीकडे विचारून झालं होतं. कुणीतरी म्हणालं, हिंगणघाटले क्रेनभाऊकडे पाय.

दौलतरावांनी शाफ्ट उचलला, टोकाच्या खाचा बघितल्या, बोट फिरवलं. मी पुस्तक उघडलं नाही, गरज नव्हती. आमच्या तिन्ही गाड्यांचे एक्सल केव्हाच गेले होते. आता तो भाग अख्ख्या यार्डात एकाच ठिकाणी होता. दौलतरावांनी तिकडे बघितलं नाही. मीही नाही. शेषरावांनी मात्र बघितलं.

"तो काय, त्या हत्तीच्या पोटात हाय नं?"

"ती गाडी चालू आहे," आजोबा मागून म्हणाले. ते कधी येऊन उभे राहिले होते कळलं नाही. "ती इकाची नाई."

"म्या गाडी कुठी मागून राह्यलो, भाऊ? माह्या बायकोनं ही दारात पाह्यली तर ती मले दारात ठेवन. मले नुसतं तिचं मागचं पाह्यजे."

मदतनीस हसले. आजोबा हसले नाहीत, पण त्यांचा चेहरा जरा उजळला. एक युक्ती त्यांना सुचली होती.

"हे पाहा शेषराव, काई तोडाची गरज नाई. मी क्रेन घेऊन येतो तुमच्यासंग. तुमचा ट्रक भरल्या मालासकट ओढून नागपूरले नेतो. अशासाठीच तर बनवली हाय ही. पैसे नका देऊ."

मला सांगायला हवं की त्या क्षणी मला ते आवडले. कारंज्यापर्यंत ही गाडी पेट्रोल किती पिईल याचा हिशेब माझ्या डोक्यात चालू होता, आणि तरीही. कितीतरी वर्षांत त्यांना तिच्यासाठी खरं काम मिळालं होतं. ते ताबडतोब चढले. पहिल्याच फटक्यात इंजिन सुरू झालं. जमीन थरथरली. शेडमधले माझे पुठ्ठे हलले.

"बसा!" ते वरून ओरडले.

शेषराव बसले, पण गाडीत नाही. यार्डाच्या जमिनीवर मांडी घातली आणि तुटका शाफ्ट मांडीवर आडवा घेतला.

"भाऊ, तुम्ही मले नागपूरले ओढत न्यान," ते इंजिनच्या आवाजावर आवाज चढवून म्हणाले. "बरं. संत्रा उतरन. मंग? तिथून मले वापस बी ओढतच आणान. अन् परवाचा माल? त्याच्या परवाचा? बागवाला दुसरी गाडी पाहून राह्यला. संत्रा झाडावर थांबत नाई, भाऊ, अन् गिऱ्हाईक बी थांबत नाई. मले ओढत नाई जाचं. मले चालवत जाचं हाय."

इंजिन चालू होतं.

"तुमची गाडी बसल्या जागी चालू हाय," शेषराव म्हणाले, या वेळी ओरडून नाही, पण मला ऐकू आलं. "माही रस्त्यात बंद हाय. दोन्ही उभ्याच. कोणती तरी एक जाऊ द्या नं."

दौलतराव पुढे झाले नाहीत. हात पाठीमागे बांधून ते जागच्या जागी उभे राहिले. तिघं मदतनीस काम ठेवून उभे राहिले. मला एकदम लक्षात आलं की आम्ही सगळे तसेच उभे होतो, जसे बाकीच्या गाड्यांच्या वेळी राहत असू. मलाही काही बोलावंसं वाटत होतं. आयुष्यात मी फार थोड्या वेळा गप्प बसले आहे, त्यातली ती एक.

आजोबा स्टिअरिंगवर दोन्ही हात ठेवून ऐकत होते. मान जरा तिरकी. इंजिन चांगलं होतं, एकसारखं, कुठे अडखळत नव्हतं. मग त्यांनी उजवा हात खाली नेला आणि स्विच फिरवला.

आवाज लगेच गेला नाही. जुनी इंजिनं बंद केल्यावरही एखाद-दोन आचके देतात. मग शांत झालं आणि रस्त्यावरच्या बैलगाड्यांचा आवाज, जो एरवीही असतोच, तो ऐकू यायला लागला.

ते खाली उतरले. दौलतरावांकडे बघून म्हणाले, "मिस्त्री, मांगून सुरू करा. याचा संत्रा सडून राह्यला." मग कित्येक दिवसांनी माझ्याशी बोलले. "पुठ्ठा लावला होता नं तू एक्सलचा? काढून टाक. तो फळीवर येतच नाई."

संध्याकाळच्या आत एक्सल बाहेर निघाला. अमरावतीकडे जाणाऱ्या एका मालट्रकवर तो चढवला आणि त्याच्याबरोबर शेषराव, दौलतराव आणि स्वतः आजोबा गेले. मी म्हटलं, मिस्त्री आहेत ना, तुम्ही कशाला? ते म्हणाले, "बसते का नाई ते कोण पाहीन?" परत आले ते संत्र्याची करंडी घेऊन. शेषरावांचा ट्रक त्यांनी चढावर स्वतः चालवून पाहिला होता. शेषरावांनी पोचवायला पाठवलेल्या माणसासमोरच ते मला समजावू लागले की आपला एक्सल त्या ट्रकला मूळच्यापेक्षा बरा बसला आहे.

त्यानंतर घाई होती आणि घाई मला जमते. हंगामाच्या आधी मैदान मोकळं झालं. इंजिन यवतमाळकडे गेलं. गिअरबॉक्सला दोन गिऱ्हाइकं एकाच दिवशी आली आणि माझ्यासमोर भांडली. विंच आणि क्रेनचा हात यांचं काय करावं हा मात्र पेच होता, कारण तेवढेच भाग खरोखर खास होते. ते घेतले जिनिंगच्या मॅनेजरनेच. फाटकाजवळ जमिनीत रोवून त्याने त्यावर कापसाच्या गाठी चढवायला सुरुवात केली. ते बिघडलं की बोलावणं आम्हालाच, त्यामुळे शेडबद्दल पुन्हा कधी विषय निघाला नाही. त्या शेडमध्ये मी पुढे पुष्कळ वर्षं बसले. तुमच्या बाबांनी मुळाक्षरं तिथल्या पुठ्ठ्यांवर गिरवली. 'ग गिअरबॉक्सचा' म्हणून शाळेत मार खाल्ला तो याच कारणाने. दौलतरावांचा मुलगा तिथेच काम शिकला आणि मग स्वतःचं दुकान काढून वर्ध्याला माझा स्पर्धक झाला. आजही दिवाळीला भेटायला येतो.

हळहळ आहे का? आहे. गावाने आजोबांना 'क्रेनभाऊ' म्हणणं कधी सोडलं नाही, पण म्हणताना लोक जिनिंगच्या फाटकाकडे बघत, आणि त्यांचा चेहरा मी बघत असे. त्यांची सकाळची ती वेळ मोकळी झाली. काही दिवस ते अंघोळ करून यार्डात जात, उभे राहत आणि परत येत. मग हळूहळू ते शेडमध्ये येऊन बसू लागले. हे दृश्य मला पुन्हा बघावं लागणार असेल, तरी मी तेच करीन.

शेषराव पुढे हैद्राबादपर्यंत संत्रा नेऊ लागले. त्यांचा रस्ता आमच्या दारावरून जाई. दुरूनच हॉर्न देत. आजोबा जेवत असले तरी ताटावरून उठून दारात जात आणि ट्रक पुढे निघून जाईपर्यंत मान जरा तिरकी करून उभे राहत. हॉर्न त्यांना ऐकायचा नसे. हॉर्न कुणाचाही सारखाच. ते मागचा एक्सल ऐकत. ट्रक पुलापलीकडे गेला की आत येऊन पाटावर बसत आणि म्हणत, "चांगला चालून राह्यला." मग भाताकडे वळत.

तर इरा, तुझ्या फोटोतली गाडी आमची नव्हे. रंग तसाच आहे, क्रेनचा हातही तसाच आहे, पण ही दोरीच्या आत उभी आहे. आमची पुढे शेषरावांच्या ट्रकखाली हैद्राबादच्या रस्त्यावर धावत होती.